‘साताऱ्याचा’ मधला ‘ऱ्या’ संगणकात नेमका कसा साठवायचा?

माहुलीकर

नमस्कार मंडळी. साताऱ्यातील एका सार्वजनिक वाचनालयाची ग्रंथसूची संगणकावर चढवण्याचे काम आम्ही काही जण सध्या हौसेने करत आहोत. नोंदी करणाऱ्यांच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत. कोणी इन्स्क्रिप्ट कळफलक वापरतो, कोणी रोमन अक्षरे दाबून मराठी उमटवतो, आणि जुन्या सूचीचा बराचसा भाग एका छापखान्यातील फाइलींवरून युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या संकेतप्रणालीत, बदलून घेतलेला आहे. पडद्यावर हे सगळे अगदी सारखे दिसते. मात्र शोधखिडकीत ‘साताऱ्याचा’ असे लिहिले की काही पुस्तके येतात आणि काही येत नाहीत. न आलेल्या पुस्तकाची नोंद हाताने उघडून पाहिली, तर तेथेही ‘सातार्‍याचा’ हाच शब्द काना-मात्रेसह तसाच्या तसा उभा असतो. ‘शेतकऱ्यांचा’, ‘गुऱ्हाळ’, ‘कऱ्हाड’ या शब्दांचीही हीच गत आहे. ‘सातारा’, ‘वाई’, ‘फलटण’ असे साधे शब्द शोधले तर कसलीही अडचण येत नाही, म्हणजे दोष त्या आडव्या अर्ध्या र मध्येच आहे, एवढे आमच्या ध्यानात आले.

आता हा र संगणकात एकाहून अधिक प्रकारे का साठवला जातो, त्यातला प्रमाण प्रकार कोणता, आणि सर्वांनी तो एकाच पद्धतीने टंकायचा म्हटले तर कोणत्या कळा दाबाव्यात, हे जाणकारांनी सांगावे. माझे स्वतःचे मत असे आहे की दिसायला जे अक्षर एक, त्याचा संकेतही एकच असायला हवा होता.

अजिंक्य_७

मी मोबाइलवर रोमन अक्षरांतून लिहितो. सुचवणीच्या पट्टीत ‘कऱ्हाड’ आपोआप येते, त्यावर बोट ठेवतो आणि पुढे जातो. त्याच्या पोटात काय दडले आहे, याचा विचार आजवर कधी केला नव्हता.

वाईचा_वाटसरू

माहुलीकर, तुमच्या दोन्ही नोंदींत दिसणारा आकार एक असला तरी आत साठवलेले संकेतांक वेगळे आहेत. युनिकोडमध्ये (क्रमांक षोडशमान पद्धतीचे, म्हणजे त्यांत ए ते एफ ही अक्षरेही येतात) ‘र’चा क्रमांक ०९३० आहे, हलन्ताच्या खुणेचा ०९४डी आहे आणि ‘य’चा ०९२एफ आहे. र, हलन्त आणि य हे एकापुढे एक ठेवले की ‘सूर्य’ मधल्यासारखा रफार डोक्यावर चढतो. आपल्याला मात्र रफार नको असतो, आडवा र हवा असतो, आणि त्याकडे जाणारे दोन रस्ते आहेत. पहिल्या रस्त्यात साध्या र ऐवजी ०९३१ क्रमांकाचे ‘ऱ’ हे अक्षर, म्हणजे खाली नुक्ता (टिंब) असलेला र, वापरून त्यापुढे हलन्त द्यायचा. दुसऱ्या रस्त्यात साधा र, मग हलन्त, आणि त्यानंतर २००डी क्रमांकाचा ‘शून्य रुंदीचा जोडक’ टाकायचा, जो पडद्यावर अजिबात दिसत नाही, पण ‘येथे रफार करू नकोस’ असे फाँटला सांगतो. म्हणजे ‘ऱ्या’ हे जोडाक्षर पहिल्या रस्त्याने चार संकेतांकांचे होते आणि दुसऱ्याने पाच. या प्रत्येक संकेतांकाला यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत तीन बाइट लागत असल्याने एकाची लांबी १२ बाइट होते आणि दुसऱ्याची १५. तुमची आज्ञावली हे संकेतांक जसेच्या तसे ताडून पाहत असणार, त्यामुळे तिच्या दृष्टीने ते दोन निराळे शब्द आहेत.

कोणती नोंद कोणत्या जातीची आहे हे पाहण्यासाठी वेगळी साधने लागत नाहीत. तो शब्द नोटपॅडमध्ये चिकटवा, कर्सर ‘ऱ्या’च्या नंतर लगेच ठेवा आणि बॅकस्पेसची कळ सावकाश, एकेकदा दाबत जा. आधी काना जाईल, मग य जाईल. त्यानंतरच्या दाबाला हलन्त जाऊन खाली टिंब असलेला पूर्ण ‘ऱ’ उरला, तर ती ०९३१ची नोंद आहे. टिंब न येता पायमोडका ‘र्’ उरला, तर त्या दाबाने अदृश्य जोडक पुसला गेला आहे असे समजा.

माहुलीकर

वाटसरू, आत्ताच करून पाहिले आणि तुम्ही सांगितले तसेच घडले. इन्स्क्रिप्टवाल्यांच्या नोंदींत टिंब उरते आणि छापखान्याकडून आलेल्या नोंदींत पायमोडका र उरतो. मग या दोहोंत मूळ कोणता आणि उपरा कोणता?

औंधकर

माझ्या मते उपरा तो टिंबवाला. मराठीच्या वर्णमालेत खाली टिंब असलेला र कधी शिकवला गेला आहे काय? युनिकोडच्या तक्त्यातच त्या अक्षरापुढे लिहिले आहे की द्राविडी भाषांतील वर्त्स्य (हिरडीपाशी उच्चारला जाणारा) र देवनागरीत लिहून दाखवण्यासाठी ते आहे. साताऱ्यातल्या र साठी तमिळ उच्चाराचे अक्षर उसने आणायचे कारण मला समजत नाही. ‘सातारा’ या नावात साधा र आहे. विभक्ती लागल्यावर तो बदलून दुसरेच अक्षर होत नाही, त्याचा केवळ आकार बदलतो. आकार बदलण्यासाठी जोडक हेच योग्य साधन आहे, कारण त्यात र हा र राहतो.

हळदबाजार

म्हणून आम्ही सांगलीकर सुखी. ‘सांगलीत’, ‘सांगलीचा’, ‘सांगलीला’ असे लिहून मोकळे होतो.

खिळेजुळारी

हळदबाजार, आपण ज्यांच्याशी रोज सौदे करता त्या ‘शेतकऱ्यांना’ आणि ‘व्यापाऱ्यांना’ कसे लिहिता, तेही एकदा कळू द्या.

हळदबाजार

तेव्हा मात्र मुनीमजींना हाक मारतो.

वाईचा_वाटसरू

औंधकर, आपला आक्षेप तर्काला धरून आहे, पण त्या तक्त्यातली ओळ आपण अर्धीच सांगितली. त्याच ओळीत पुढे असेही म्हटले आहे की या अक्षराचे अर्धे रूप पापणीच्या आकाराच्या र ने दाखवले जाते. आणि हा पापणीचा आकार म्हणजे आपला आडवा र.

हे असे का झाले, हे समजून घ्यायचे तर युनिकोडच्या मागे जावे लागते. युनिकोडचा देवनागरी विभाग १९८८ च्या ईस्की या भारतीय संकेतप्रणालीवर बेतलेला आहे, जी पुढे १९९१ मध्ये भारतीय मानक १३१९४ म्हणून प्रसिद्ध झाली. ईस्कीची मूळ कल्पना अशी होती की सर्व भारतीय लिप्यांना एकच समान आराखडा द्यावा, म्हणजे लिपी बदलली तरी आतला संकेत बदलणार नाही. त्यामुळे दक्षिणेकडील लिप्यांत दोन र असल्याने आराखड्यात दोन र ची जागा ठेवणे भाग पडले. त्या आराखड्याची छाप युनिकोडमध्ये आजही स्पष्ट दिसते. प्रत्येक लिपीच्या विभागाच्या आरंभापासून मोजत गेलात तर ३० क्रमांकाच्या घरात साधा र सापडतो आणि ३१च्या घरात तो दुसरा र: तेलुगूत ०सी३१, मल्याळममध्ये ०डी३१ आणि आपल्याकडे ०९३१.

आता देवनागरीत हे ३१चे घर जवळजवळ रिकामेच पडलेले होते, कारण मराठी-हिंदीत पूर्ण ‘ऱ’ कोणी लिहीत नाही. मराठीला मात्र रफाराहून वेगळ्या अर्ध्या र ची निकड होती. ईस्कीने त्या रिकाम्या घराचे अर्धे रूप मराठीच्या आडव्या र ला देऊन टाकले, आणि युनिकोडने ईस्कीला अनुसरून तोच नियम ठेवला. १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीत जोडकाचा रस्ता होता, तोही पुढे मागील आवृत्तीशी सुसंगती राहावी म्हणून मान्य ठेवण्यात आला. प्रमाणग्रंथातली शब्दयोजना पाहिली तर ०९३१चा नियम हा मुख्य नियम आहे आणि जोडकाचा नियम त्याच्या पोटात सुसंगतीसाठी दिलेला आहे. दोन्ही वैध आहेत, पण त्यांचा मान सारखा नाही.

कृष्णाकाठची

मी कऱ्हाडची, आणि शाळेत मराठी शिकवले असल्याने थोडे भाषेच्या अंगाने बोलते. औंधकरदादा म्हणतात की केवळ आकार बदलतो, ते पूर्णपणे खरे नाही. रफाराच्या र मुळे त्याच्या आधीच्या अक्षरावर आघात येतो आणि आडव्या र मुळे तो येत नाही. ‘दर्या’ म्हणताना ‘द’वर जोर पडतो, ‘सह्याद्रीच्या दऱ्या’ म्हणताना पडत नाही. हा फरक लेखनात पाळला नाही तर अर्थच बदलतो. आमच्या नात्यातील एका लग्नाच्या हिशेबात ‘आचार्यांना आगाऊ रक्कम दिली’ अशी छापील नोंद होती आणि वधूपक्षाकडील एक वयस्कर गृहस्थ, कोणत्या आचार्यांना बोलावले आहे, असे गांभीर्याने विचारत होते. स्वयंपाकाची बिदागी आचाऱ्यांना दिलेली होती.

माझे गाव तर या अर्ध्या र मुळे कायमच अडचणीत आहे. ‘कऱ्हाड’ असे लिहायला गेलो की कधी रफार येतो, कधी र चा पाय मोडून ह वेगळा पडतो, आणि मग कंटाळून माणसे ‘कराड’ लिहितात. ‘कराड’ हे रूपही रूढ आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण ते स्वखुशीने लिहावे, कळफलकाने भाग पाडले म्हणून लिहू नये.

खिळेजुळारी

सांगलीतल्या छापखान्यात अक्षरजुळणीत माझी हयात गेली, तेव्हा माहुलीकरांच्या फाइलींत जोडक कुठून आला असावा, याविषयी दोन शब्द सांगता येतील.

शिशाच्या खिळ्यांच्या काळात हा प्रश्नच नव्हता. आडव्या र चा खिळा निराळा असे, त्याचा खाना ठरलेला असे, आणि जुळारी डोळे झाकून तो उचलत असे. संगणकावरची अक्षरजुळणी आली तेव्हा सुरुवातीच्या मराठी फाँटांनी तोच विचार पुढे चालवला. त्या फाँटांत अक्षराचा संकेत साठवला जात नव्हता, आकाराचा साठवला जात होता. म्हणजे आत इंग्रजी अक्षराचा किंवा चिन्हाचा क्रमांक असे आणि त्या जागी फाँटमध्ये मराठी अक्षराचा तुकडा चितारलेला असे. नेहमी लागणारे तुकडे कळांवर होते आणि कमी लागणाऱ्या तुकड्यांसाठी ऑल्ट कळ धरून आकडी क्रमांक दाबावा लागे. आमच्या टेबलाच्या काचेखाली अशा क्रमांकांचा एक कागद कायम असायचा, आणि त्यातला आडव्या र चा क्रमांक सगळ्यांना तोंडपाठ होता, कारण सांगलीच्या छापखान्यात गुऱ्हाळ, शेतकऱ्यांचा मेळावा आणि वऱ्हाडी मंडळी यांच्याशिवाय एकही दिवस जात नाही. दुसऱ्याच्या संगणकावर तो फाँट नसला की सगळा मजकूर इंग्रजी अक्षरांच्या भेळेसारखा दिसायचा.

पुढे युनिकोड आले आणि जुन्या फाइली बदलून देणारे कन्व्हर्टर निघाले. आकाराच्या तुकड्यावरून संकेत बनवताना आडव्या र साठी काय लिहायचे, हे प्रत्येक कन्व्हर्टर बनवणाऱ्याने आपापल्या समजुतीने ठरवले. मी वापरलेल्या एकाने र, हलन्त आणि जोडक असे दिले. दुसऱ्याने टिंबाचा ऱ दिला. एकाच पुस्तकाची पहिली आठ प्रकरणे एका पद्धतीने आणि उरलेली दुसऱ्या पद्धतीने बदलली गेली, तर वाचकाला काही समजत नाही, पण शेवटी शब्दसूची करताना ‘तऱ्हा’ हा शब्द दोन वेगळ्या ठिकाणी येतो.

औंधकर

कृष्णाकाठची ताईंचा मुद्दा मान्य आहे. आघाताचा भेद लेखनात टिकलाच पाहिजे. पण तो भेद जोडकानेही टिकतोच की. शिवाय हा आडवा र केवळ मराठीपुरता नाही. नेपाळीतही तो सर्रास लिहिला जातो आणि तेथे जोडकाचीच पद्धत रुळलेली आहे. एवढी माणसे रोज ज्या पद्धतीने लिहितात, तिला दुय्यम म्हणणे मला पटत नाही.

वाईचा_वाटसरू

नेपाळीबद्दल आपण म्हणता ते बरोबर आहे, आणि म्हणूनच जोडकाला चूक म्हणता येत नाही. माझा आक्षेप व्यवहाराचा आहे. जोडक अदृश्य असल्याने त्याच्याकडे कचरा म्हणून पाहणाऱ्या आज्ञावली पुष्कळ आहेत. अर्जातल्या रकान्यात मजकूर चिकटवला, एका कोष्टकातून दुसऱ्या कोष्टकात नेला, ‘अनावश्यक चिन्हे काढा’ असा एखादा सोपस्कार झाला, की जोडक गळून पडतो. आणि तो गळाला की मागे उरतात र, हलन्त आणि य, म्हणजे सरळसरळ रफार. ‘सातार्यात’, ‘शेतकर्यांना’ अशी जी रूपे आपण जाळ्यावर ठिकठिकाणी पाहतो, त्यातली सगळी लिहिणाऱ्याच्या अज्ञानाने आलेली नसतात; त्यातली काही वाटेत जोडक हरवल्याने आलेली असतात. संकेतस्थळांच्या नावांसाठी २००३ मध्ये जो पहिला आंतरराष्ट्रीय नियमसंच झाला, त्यात तर जोडक वगळण्याचाच नियम होता. नंतरच्या, ‘आयडीएनए २००८’ नावाच्या नियमसंचाने हलन्तानंतर त्याला अटींसह परवानगी दिली. ०९३१चा ऱ हे दृश्य, स्वतंत्र अक्षर असल्याने त्याला असा कोणी हात लावत नाही.

दुसरा मुद्दा सामान्यीकरणाचा. युनिकोडमध्ये एकच अक्षर दोन प्रकारे लिहिता येत असेल तर ती रूपे एक करून घेण्याचा ठरलेला विधी आहे. कोणी साधा र लिहून त्याला वेगळा नुक्ता दिला आणि मग हलन्त दिला, तर या विधीतून ते ०९३१च्या ऱ मध्ये आपोआप विलीन होते. इतकेच काय, घाईत हलन्त आधी आणि नुक्ता नंतर पडला, तरी त्यांचा क्रम लावून तोच ऱ तयार होतो. जोडकाचे रूप मात्र कितीही वेळा या विधीतून काढले तरी तसेच राहते. आणि या विधीचे नियम पुढे बदलायचे नाहीत, असे युनिकोडचे वचन असल्यामुळे माहुलीकरांची ‘एक आकार, एक संकेत’ ही इच्छा वरून पुरी होण्याची शक्यता आता नाही. ते आपल्यालाच आपल्या सूचीत करून घ्यावे लागेल.

हळदबाजार

थट्टा बाजूला ठेवून एक भर घालतो. आम्ही हळदीचे दर शेतकऱ्यांना लघुसंदेशाने कळवतो. इंग्रजी संदेशात १६० अक्षरे बसतात, मराठीत ७० बसतात, आणि संदेश मोठा होऊन तुकडे पडले तर प्रत्येक तुकड्यात ६७च. ही मोजणी संकेतांकांची असते, त्यामुळे न दिसणारा जोडकही एक अक्षर म्हणून मोजला जातो. ‘सर्व शेतकऱ्यांना व व्यापाऱ्यांना कळवण्यात येते’ एवढ्यातच दोन जोडक खर्ची पडतात. आमचा मजकूर एकदा ७० च्या अगदी काठावर होता आणि एका संदेशाऐवजी दोन संदेशांचे पैसे पडले, तेव्हा मुलाने हे कारण शोधून काढले. आता आम्ही टिंबाचा ऱ वापरतो. यात भाषाप्रेम किती आणि काटकसर किती, ते विचारू नये.

चारभिंती

सगळी चर्चा वाचली, पण माहुलीकरांनी विचारलेल्या कळा अजून कोणी सांगितल्या नाहीत, म्हणून सांगतो. इन्स्क्रिप्टमध्ये ‘जे’च्या कळेवर र आहे आणि शिफ्ट धरून ‘जे’ दाबले की ऱ येतो. ‘डी’च्या कळेवर हलन्त आहे, ‘यू’वर ह आणि प्रश्नचिन्हाच्या, म्हणजे तिरप्या रेघेच्या, कळेवर य. तेव्हा शिफ्टसह जे, मग डी, मग यू असे दाबले की ‘ऱ्ह’ मिळतो, आणि शेवटी यू ऐवजी तिरपी रेघ दाबली की ‘ऱ्य’ मिळतो. शिफ्ट राहून गेले की रफार झालाच म्हणून समजा.

इन्स्क्रिप्ट येत नसेल आणि वर्डमध्ये काम करत असाल, तर ०९३१ हे आकडे इंग्रजी अंकांत लिहून लगेच ऑल्ट आणि एक्स या कळा एकत्र दाबाव्यात. आकडे जाऊन तेथे ऱ उभा राहतो. लिनक्सच्या बऱ्याच आज्ञावलींत कंट्रोल, शिफ्ट आणि यू दाबून तोच क्रमांक लिहायचा आणि एंटर द्यायचा. एकदा ऱ आणि हलन्त मिळाले की ते आपोआप दुरुस्तीच्या यादीत एखाद्या सोयीच्या खुणेसाठी नोंदवून ठेवावेत, म्हणजे रोज क्रमांक आठवावा लागत नाही.

अजिंक्य_७

थोडे विषयांतर होईल, पण ‘ॲ’चेही असेच काही आहे ना? माझ्या मामांच्या वकिलीच्या पाटीवरचा ‘ॲड.’ एका संगणकावर नीट दिसतो आणि दुसऱ्यावर अ आणि चंद्र असे सुटे दिसतात.

वाईचा_वाटसरू

विषयांतर नाही, सख्खे भावंड आहे. ॲ ला स्वतंत्र संकेतांक, ०९७२, मिळाला तो २००८ मध्ये, युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत. तोपर्यंत माणसे अ लिहून त्यावर चंद्राची खूण देत होती किंवा हिंदीतला ऍ वापरत होती, आणि त्या सगळ्या जुन्या नोंदी आजही तशाच पडून आहेत. अ आणि चंद्र हे एकत्र येऊन ०९७२ होत नाहीत, त्यामुळे तेथेही हातानेच एकरूपता आणावी लागते. माहुलीकर, तुमच्या सूचीत ‘ॲरिस्टॉटल’ किंवा ‘ॲटम’ने सुरू होणारी शीर्षके असतील, तर तीही तपासून घ्या.

औंधकर

व्यवहाराचा युक्तिवाद मी मान्य करतो. साठवणीसाठी टिंबाचा ऱ ठेवावा. मात्र शोधताना दोन्ही रूपे सापडली पाहिजेत, कारण शोधणारा वाचक कोणता कळफलक घेऊन येईल हे आपल्या हातात नाही. आणि मजकूर तत्त्वतः शुद्ध कोणता, याबद्दलचे माझे मत आहे तेथेच आहे.

कृष्णाकाठची

शोधाच्या बाबतीत एक सावधगिरीची सूचना. काही आज्ञावली शोधताना अक्षरांमधले बारीक भेद सोडून देतात, म्हणजे जोडकाकडे दुर्लक्ष करतात आणि ऱ व र यांना एकच धरतात. ते सोयीचे वाटते, पण मग ‘आचाऱ्यांचा’ शोधणाऱ्यास ‘आचार्यांचा’ सगळा ग्रंथसंभार समोर येतो. वाचनालयात हे चालूनही जाईल, कारण जास्तीची पुस्तके दिसली तर वाचकाचे नुकसान नाही. पुस्तक असून न दिसणे हे मात्र वाईट.

खिळेजुळारी

सूची कोष्टकात असेल तर बदल करायला फार वेळ लागत नाही. एक्सेलमध्ये ‘युनिचार’ या सूत्राला दशमान क्रमांक दिला की ते अक्षर मिळते. साध्या र चा दशमान क्रमांक २३५२, हलन्ताचा २३८१, जोडकाचा ८२०५ आणि टिंबाच्या ऱ चा २३५३. ‘सब्स्टिट्यूट’ सूत्रात पहिली तीन अक्षरे सलग जोडून शोधायला द्यावीत आणि त्या जागी २३५३ व २३८१ ही जोडी ठेवायला सांगावी. मराठी मजकुरात र, हलन्त आणि जोडक ही तिकडी आडव्या र साठीच येते, त्यामुळे हा बदल डोळे मिटून करता येतो.

ज्या नोंदींतला जोडक आधीच गळून गेला आहे, तेथे मात्र सूत्र चालवू नये. ‘सातार्याचा’ दुरुस्त करायला जाल आणि त्याच झटक्यात ‘सूर्य’, ‘कार्य’, ‘आर्य’, ‘चातुर्य’ यांचे रफार मोडून ठेवाल. अशा नोंदी रफारावरून गाळून वेगळ्या काढाव्यात आणि मुद्रिते तपासणाऱ्या माणसाच्या नजरेखालून घालाव्यात. रा, री, रे यांनी संपणाऱ्या नामांची सामान्यरूपे, म्हणजे सातारा, नवरा, शेतकरी, पायरी या जातीचे शब्द, तेथे प्रथम पाहावेत. बहुतेक बिघाड त्यातच सापडतो.

माहुलीकर

सर्वांचे मनापासून आभार. छापखान्याकडून आलेल्या भागावर खिळेजुळारींचे सूत्र चालवले आणि ‘साताऱ्याचा’ शोधल्यावर आधी न दिसणारी पुस्तके आता दिसू लागली आहेत. गळालेल्या जोडकांच्या नोंदी वेगळ्या काढून दोन निवृत्त शिक्षकांकडे दिल्या आहेत. त्यांनी त्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकाही शोधायला सुरुवात केल्यामुळे ते काम आता लवकर संपेल असे वाटत नाही. ‘ॲ’ने सुरू होणारी शीर्षके तपासायची राहिली आहेत. नव्या नोंदींसाठी चारभिंती यांनी सांगितलेल्या कळांचा कागद प्रत्येक संगणकापाशी लावला आहे.

एक शंका उरते. पुस्तकांच्या पाठीवर चिकटवायच्या चिठ्ठ्या आमच्याकडे एका जुन्या संगणकावरून छापल्या जातात. तेथे नव्या नोंदीतला ‘साताऱ्याचा’ छापताना आडवा र न येता टिंबाचा पूर्ण ऱ आणि त्याखाली हलन्त असे फुटके रूप येते. सूची बरोबर आणि चिठ्ठी चूक, असे का व्हावे?

वाईचा_वाटसरू

त्या संगणकावरच्या फाँटमध्ये ऱ च्या अर्ध्या रूपाची सोय नसणार. संकेत बरोबर पोहोचला तरी त्याचा आकार काढणे हे फाँटचे आणि अक्षरे जुळवणाऱ्या आज्ञावलीचे काम असते. र. कृ. जोशी यांनी घडवलेला मंगल किंवा नोटो देवनागरी यांपैकी एखादा फाँट निवडून पाहा. त्यासाठी नोंदी मात्र पुन्हा जोडकाच्या करू नका.

खिळेजुळारी

आणि तो संगणक फारच जुना असेल, तर चिठ्ठ्यांचे पान दुसऱ्या संगणकावर फाँटसह पीडीएफ करून तेथे फक्त छपाईला न्या. त्या पीडीएफमधून मजकूर उलट कोष्टकात मात्र चिकटवू नका. पीडीएफमधून बाहेर आलेल्या मराठीत आडवा र कोणत्या रूपाने येईल, याचा भरवसा धरता येत नाही.

माहुलीकर

नोटो घातला. चिठ्ठी नीट आली.